बाबांची गोळी तू बदलू नकोस

दापोली

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

तू स्वतः डॉक्टर असलास तरी परवा बाबांची रक्तदाबाची गोळी फोनवरच बदललीस, ते मला पटलं नाही. नर्सची नोकरी केलेली बाई आहे मी, म्हणून स्पष्ट लिहिते.

बाबा रात्री लघवीला सारखे उठतात. तुला ते ठाऊकच नाही, कारण तुला सांगायची त्यांना लाज वाटते. उद्या प्रोस्टेट तपासायची वेळ आली तर ते तुझ्यासमोर पायजम्याची नाडी सोडणार नाहीत, आणि तुझाही हात धजणार नाही. तिऱ्हाईत डॉक्टर हे सगळं सहज विचारतो, तपासतो, केसपेपरवर लिहून ठेवतो. तू चालवलेल्या उपचारांचा केसपेपर आहे कुठे?

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने १८४७ सालच्या आपल्या पहिल्या आचारसंहितेतच लिहून ठेवलंय की, डॉक्टर स्वतःच्या दुखण्याचा नीट न्याय करू शकत नाही आणि बायकामुलं आजारी पडली की काळजीने त्याची बुद्धी झाकोळते, हात कचरतो. दुसऱ्या डॉक्टरला त्रास कशाला, असंही मनात आणू नकोस. आपल्याकडच्या २००२ च्या नियमांत डॉक्टरांनी एकमेकांच्या कुटुंबाला विनामूल्य तपासणं हा मान समजावा, असं म्हटलंय.

बागेत बाबांना फुरसं चावलं आणि तू घरी असलास, तर मात्र कुणाची वाट बघू नकोस. जे करायचं ते लगेच कर, आणि दवाखान्यात पोचलो की तिथल्या डॉक्टरच्या हवाली करून बाजूला हो.

आता तुझं. झोप येत नाही म्हणून तू स्वतःच अल्प्राझोलाम लिहून घेतोस, हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. एच-वन या कडक नियमांच्या यादीतलं औषध ते. केमिस्टलासुद्धा त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. गोळी कधी थांबवायची हे तुला कोण सांगणार? आणि इतक्या ड्यूट्या करून पोराची झोप का उडाली, हे तरी कोण विचारणार? मी विचारलं की तू "काही नाही गं आई" म्हणतोस. एकदम बंद करू नकोस, पण या आठवड्यात कुणा डॉक्टरकडे पेशंट म्हणून जा, आणि त्यांना सगळं खरं सांग.

बाबांना मी सोमवारी इथल्या डॉक्टरांकडे नेतेय. तू बदललेल्या गोळीचं नाव आणि डोस मला लिहून पाठव, त्यांना दाखवायचाय. काही शंका असेल तर त्यांनाच फोन कर, बाबांना नको.

तुझी,
आई