सूचना: सायबर धोक्याची माहिती गटात देताना

सर्व सभासद बँकांच्या आयटी अधिकाऱ्यांसाठी,

संशयास्पद आयपी, डोमेन किंवा फाइलचा हॅश (फाइल ओळखण्याचा अक्षर-अंकी ठसा) कळवताना कृपया स्क्रीनशॉट टाकू नका. शा-२५६ पद्धतीचा ६४ अक्षरी हॅश फोटोवरून टाइप करत कोण बसणार? सीएसव्ही (साधा तक्ता) किंवा स्टिक्स (धोक्याची माहिती देण्याचा ठरलेला नमुना) फाइल पाठवा. लिंक चुकून उघडू नये म्हणून पत्त्यातल्या टिंबाला चौकटी कंस घाला, असा: [.] कधी आणि कुठे दिसले, तेही लिहा. ग्राहकांची नावे, खातेक्रमांक आधी काढावेत. टीएलपीचा (माहिती कोणापर्यंत जाऊ द्यायची हे रंगाने सांगणारी पद्धत) रंग हवाच. लाल असेल तर ती माहिती आपल्या ऑफिसातही फिरवायची नाही.

आणि हो, गटात टाकले म्हणजे सर्ट-इनला (सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था) कळवले असे नव्हे. त्यांच्या २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना स्वतंत्रपणे कळवणे बंधनकारक आहे.

– समन्वयक