पेशी चार हजार, पण कोणत्या?

संपादक महोदय,

मराठवाड्यातल्या कुठल्याही वर्गमित्रांच्या किंवा गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी काय येते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. जायकवाडीचा पाणीसाठा, सोयाबीनचा भाव, लंडनच्या राजाच्या कॅन्सरची खबर, निजामाने देशाला दिलेले पाच टन सोने आणि या सगळ्याच्या मध्येच, ‘अमक्याच्या पोराला लातूरला शरीक (दवाखान्यात भरती) केले, पेशी चार हजारावर आल्या, प्रार्थना करा.’ शहाणी माणसे या सगळ्याला एकाच मापाने रिकामटेकडेपणा म्हणतात. ते मला पटत नाही. एकमेकांच्या दुखण्याखुपण्याची चौकशी पूर्वी पारावर व्हायची, आता मोबाईलवर होते, एवढेच. बिघडते ते पुढे. एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जाताना मजकुरातली तारीख गळते, सांगणारा कोण ते गळते आणि आकडा कशाचा तेही गळते.

आधी आकड्याचेच घेऊ, कारण डेंग्यूच्या दिवसांत यानेच सर्वांत जास्त घबराट होते. आपल्याकडे सर्रास ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ म्हणतात आणि बोलणाऱ्याच्या मनात असतात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याच्या तपासणीच्या कागदावर या दोन वेगळ्या ओळी आहेत. पांढऱ्या पेशी म्हणजे डब्ल्यूबीसी. मोठ्या माणसात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख. डेंग्यूत दोन्ही उतरतात, आणि पांढऱ्या पेशी बहुधा आधी उतरतात. म्हणजे ‘पेशी चार हजार’ हा आकडा डब्ल्यूबीसीचा असेल तर त्यात फारसे काही नाही. प्लेटलेटचा असेल तर रुग्णाला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात हलवावे लागेल. मेसेजमध्ये एक शब्द नसल्याने दहा नातेवाईक गाड्या काढून निघतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे निघायला हवे तेव्हा कुणी निघत नाही.

प्लेटलेटचा आकडा खरा नसण्याचे आणखी एक कारण प्रयोगशाळेत रोज दिसते. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असते. काही जणांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि यंत्र एका गठ्ठ्याला एक पेशी मोजते किंवा मोजतच नाही. रक्त काढायला वेळ लागला, नळी नीट हलवली नाही तरी असेच होते. ताप नाही, अंगावर ठिपके नाहीत, माणूस जेवतो-फिरतो आणि आकडा एकदम वीस हजार आला, तर ‘स्मियर बघितला का?’, म्हणजे रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला का, असे विचारावे. काचपट्टीवर गठ्ठे दिसले तर सोडियम सायट्रेटच्या, म्हणजे निळ्या बुचाच्या नळीत नमुना पुन्हा घेतात.

आणि फक्त प्लेटलेटच्या मागे धावण्यात दुसरी चूक होते. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरल्यानंतरचा असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ग्रुपवर ‘ताप गेला, देवाची कृपा’ असा मेसेज येतो तोच हा काळ. त्या वेळी रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू लागते. कागदावर हिमॅटोक्रिट (पीसीव्ही), म्हणजे रक्तातले लाल पेशींचे प्रमाण, चढताना दिसते. पोटात सतत दुखणे, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, रुग्ण बेचैन किंवा सुस्त होणे, यातले काही दिसले तर आकडा काहीही असो, दवाखाना गाठावा. रक्तस्राव नसेल तर सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या चढवत नाहीत. पपईच्या पानांच्या रसाचा मेसेज पुढे पाठवायचा त्याने पाठवावा, पण त्या रसापायी सलाईन आणि तपासणी लांबवू नये.

रक्ताच्या मागणीचे मेसेज तर वर्षानुवर्षे फिरतात. ‘बी निगेटिव्ह तातडीने हवे’, खाली नंबर, तारीख नाही. त्या नंबरावर मागच्या सालापासून फोन येत असतात आणि घरातले माणूस केव्हाच बरे झालेले किंवा गेलेले असते. असा मेसेज लिहिताना त्यात तारीख आणि वेळ हवी. रक्तगट, किती पिशव्या, दवाखाना आणि गाव, केव्हापर्यंत हवे आणि रुग्णासोबत बसलेल्या एकाच माणसाचा नंबर हवा. काय हवे तेही लिहावे: लाल पेशी, प्लाझ्मा, की प्लेटलेट. लाल पेशी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ ते ४२ दिवस टिकतात, त्यामुळे त्या रक्तपेढीत असू शकतात. प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात, त्याही फ्रीजमध्ये नव्हे, २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात. म्हणून धावपळ त्यांचीच होते. एसडीपी, म्हणजे एकाच दात्याच्या यंत्राने काढलेल्या प्लेटलेट हव्या असतील तर तसे स्पष्ट लिहावे. त्या दात्याची शीर जाड लागते, त्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही, आणि तपासणी धरून त्याचे दोन-तीन तास जातात. नुसते ‘रक्त हवे’ वाचून धारूर-केजहून अंबाजोगाईला आलेला दाता यामुळेच परत जातो.

दात्यानेही निघण्याआधी बघावे: वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५, मागच्या रक्तदानाला पुरुषाला तीन आणि बाईला चार महिने झालेले. मेसेज टाकण्याआधी सरकारच्या ई-रक्तकोष संकेतस्थळावर जिल्हा निवडून शिल्लक पाहावी आणि पेढीत फोन करून खात्री करावी. रक्त मिळाले की ज्या ग्रुपवर मागणी टाकली तिथेच ‘मिळाले, थांबवा’ असे लिहावे. हे शेवटचे काम शंभरातले पाच जणही करत नसावेत.

आता राजघराण्यांकडे. ही चर्चा मला वायफळ वाटत नाही, नीट वाचली तर. जानेवारी २०२४ मध्ये राजे चार्ल्स यांनी प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढल्याचे आणि त्यावर उपचार घेणार असल्याचे उघड सांगितले, तेव्हा इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर त्या आजाराच्या पानाला येणाऱ्यांची संख्या एकदम दहापटीच्या वर गेली. आपल्याकडे रात्री चार-चारदा उठणारे, धार बारीक झालेले आणि ‘वय झालं’ म्हणून गप्प बसणारे म्हातारे घरोघरी आहेत. त्यांना दवाखान्यात न्यायला ही बातमी कामी यायला हवी होती. पण ५ फेब्रुवारी २०२४ ला कॅन्सरचे निवेदन आले आणि आपल्या ग्रुपांवर ‘राजाला प्रोस्टेटचा कॅन्सर’ असे फिरले. राजवाड्याने म्हटले होते ते वेगळे: प्रोस्टेटची वाढ साधी होती, त्या उपचारांच्या वेळी दुसरेच काही लक्षात आले, आणि हा कॅन्सर प्रोस्टेटचा नाही. कशाचा, ते त्यांनी सांगितले नाही. साधी वाढ म्हणजे कॅन्सर, अशी भीती त्यातून इथल्या म्हाताऱ्यांच्या मनात बसली, हे नुकसान.

राजवाड्याचे पत्रक म्हणजे ब्रह्मवाक्य, असेही नाही. १९५१ मध्ये इंग्लंडच्या राजाचे, सहाव्या जॉर्जचे, डावे फुप्फुस काढले, तेव्हा लोकांना फुप्फुसात ‘रचनात्मक बदल’ झाल्याचे सांगितले. कॅन्सर हा शब्द आला नाही. त्याआधी २० जानेवारी १९३६ ला पाचवा जॉर्ज मरणपंथाला असताना डॉक्टर लॉर्ड डॉसन यांनी त्याला मॉर्फिन आणि कोकेन टोचून शेवट लवकर आणला. मृत्यूची बातमी संध्याकाळच्या हलक्या पत्रांऐवजी सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये आधी यावी, हेही त्यांच्या मनात होते. त्यांची टिपणे उजेडात आली ती १९८६ मध्ये. म्हणून पत्रकात काय आहे आणि काय नाही, दोन्ही वाचायचे. आपल्या दवाखान्यातले ‘प्रकृती स्थिर’ हेही तसेच. स्थिर म्हणजे कालच्याइतकीच; व्हेंटिलेटरवरचा रुग्णही स्थिर असतो. ‘स्थिर’ वाचून पेढे वाटू नयेत.

व्हिक्टोरिया राणीच्या वंशातला रक्त न थांबण्याचा आजार हाही एक आवडता मेसेज, आणि त्याला हमखास जोडलेली शिकवण: ‘नात्यात लग्ने केली म्हणून.’ आपल्याकडे मामाची किंवा आत्याची पोरगी करण्याची रीत असल्याने हा मेसेज जोरात चालतो. कारण मात्र चुकीचे आहे. या आजाराचा, म्हणजे हिमोफिलियाचा, दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आई वाहक असली, म्हणजे दोष बाळगून असली पण सहसा स्वतः आजारी नसली, की प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यता निम्मी. बाप नात्यातला असो की परका. राणीचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये यानेच गेला, ॲलिस आणि बिॲट्रिस या मुली वाहक होत्या, आणि ॲलिसकडून तो रशियाच्या झारच्या घरात पोचला. २००९ मध्ये झारच्या कुटुंबाच्या अवशेषांवरून तो हिमोफिलिया बी असल्याचे कळले.

नात्यातल्या लग्नाचा खरा धोका थॅलेसेमिया, सिकलसेल अशा रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा, ज्यात दोघेही वाहक असावे लागतात. मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक मूल आजारी होण्याची शक्यता असते. किनवट-माहूरकडच्या आदिवासी भागात सिकलसेल आहेच. लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी रक्ततपासणी, करावी. बाई वाहक निघाली तर नवऱ्याचीही. सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, कमी, लाल पेशींची संख्या मात्र भरपूर आणि लोहाच्या गोळ्यांनी फरक नाही, असे दिसले की शंका घ्यावी. रक्त चढवल्यानंतर तीन महिने ही तपासणी फसवी निघते, म्हणून नमुना आधी घ्यायचा. हा मेसेज कुणी तयार करत नाही.

निजामाच्या सोन्याचे थोडक्यात. १९६५ मध्ये हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत ४२५ किलो सोने गुंतवले, साडेसहा टक्के व्याजाने. दान नव्हे, आणि पाच हजार किलोही नव्हे.

मरणाच्या बातमीला मात्र घरच्या माणसाशिवाय कुणाचाही हवाला धरू नये. २२ मार्च १९७९ ला जयप्रकाश नारायण गेल्याचे खुद्द लोकसभेत जाहीर झाले. ते मुंबईत जसलोक रुग्णालयात जिवंत होते आणि ८ ऑक्टोबरपर्यंत जगले. मार्च २०२४ मध्ये चार्ल्सही रशियन माध्यमांत मेले, तेव्हा मॉस्कोतल्या ब्रिटिश वकिलातीला खुलासा करावा लागला. जिथे लोकसभा फसते तिथे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फोटो टाकणाऱ्या तालुक्याच्या ॲडमिनने अंत्यविधीची वेळ घरून कळेपर्यंत थांबायला काय हरकत आहे? मेसेजवर दोन बाण दिसले, म्हणजे तो बऱ्याच हातांतून आलेला असतो, तर अधिकच.

रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकणे तर बंदच व्हावे. त्यावर नाव, वय, कधी फोन नंबरही असतो. एचआयव्हीबाबत तर रुग्णाच्या संमतीविना सांगण्याला २०१७ च्या कायद्यानेच मनाई आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात जिल्हा पानावर रोज एक छोटी चौकट द्यावी: जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांतली गटवार शिल्लक, कोणत्या वेळची ते लिहून, आणि खाली डब्ल्यूबीसी व प्लेटलेट यांचे नेहमीचे आकडे दोन वेगळ्या ओळींत. त्या चौकटीचा फोटो लोक ग्रुपवर टाकतीलच. म्हणून तारीख चौकटीच्या आत छापावी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परभणी