१६० फुटांतून ५०० फुटांत

वरळी,
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय बाळ्या,

फोनवर तू 'काय, टॉवरवाले!' म्हणून हसतोस आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून पत्र.

गेल्या ऑगस्टमध्ये बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात आमचाही नंबर लागला. पहिल्या रात्री मी उगाचच तीनदा उठून संडासातला दिवा लावून बघितला. स्वतःच्या घरातला संडास! आयुष्यभर बालदी घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस मी. आणि पंधरा दिवसांत लिफ्ट यायला उशीर झाला म्हणून शिव्या घालायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, सवय लागली तुम्हाला."

मुलीने कॉलेजात वाचलेलं सांगितलं. १९७८ साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या २२ लॉटरीवाल्यांना विचारलं, तर ते इतरांपेक्षा फारसे खूश नव्हतेच, उलट रोजच्या बारीकसारीक गोष्टींची मजा त्यांना कमी वाटायची. आता २२ माणसं म्हणजे आपल्या चाळीत दोन खोल्यांतली! पण मला पटलं.

चढायची सवय लवकर होते, उतरायची नाही. आपण पोरं होतो म्हणून निभावलं रे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, चहातलं दूध कमी होत होत कोरा चहा आला, आणि दुधाचा चहा कसा लागतो तेच आपण विसरलो. बाबांना नाही जमलं. पुढे वॉचमनची नोकरी धरली, पण खाकी शर्ट ते पिशवीत घालून न्यायचे आणि तिथे पोचल्यावरच चढवायचे. चाळीत कोणाला दिसू नये म्हणून. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोललं नाही. कोणी विचारलं तर शेवटपर्यंत "मी साचेवाला", म्हणजे गिरणीत माग चालवणारा, हेच सांगायचे.

आई मधल्यामध्येच अडकलीय. पहाटे चारला उठून पिंप भरते. नळाला पाणी दिवसभर असतं, हे तिला सांगून मी थकलो. दार उघडं टाकून पॅसेजमध्ये स्टुलावर बसते, समोरची तिन्ही दारं बंद. परवा त्यातलं एक उघडलं, तर हिने लगेच वाटीभर घावन पीठ मागून घेतलं. घरात डबाभर होतं!

पुढच्या रविवारी वहिनींना घेऊन ये. गेटवरचा वॉचमन वहीत नाव, नंबर, वेळ सगळं लिहायला लावतो. आढेवेढे न घेता लिही. मी त्यांना काका म्हणतो.

तुझाच,
पम्या