डर्बीला चाललायस म्हणून

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. तुझी आई म्हणाली, पोरगं पहिल्यांदा कोलकात्याला ईस्ट बंगाल–मोहन बागान फुटबॉल डर्बी बघायला चाललंय आणि तुम्ही त्याला स्टेडियमच्या जिन्यावरच अडवून धरलंय. म्हणून हे पत्र. जिन्याचं आता काढत नाही.

आझाद हिंद एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळी सुटते, दोन रात्री गाडीत जातात. गाडी लेट होणार असं धरूनच चाल आणि सामन्याच्या आदल्या दिवशी पोच. हावड्याला टॅक्सीच्या नादाला लागू नको. तिथूनच ग्रीन लाईन मेट्रो हुगळीच्या खालून थेट सॉल्ट लेक स्टेडियमला जाते, मध्ये बदलावी लागत नाही. शेवटची गाडी किती वाजता, ते जातानाच बघून ठेव.

तिकीट काढताना ब्लॉक कुठल्या क्लबच्या बाजूचा, ते आधी बघ. ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्यांत मोहन बागानचा हिरवा-मरून शर्ट घालून बसू नकोस; साधा पांढरा बरा. गेट चुकलं तर बाहेरून मोठा वळसा पडतो, म्हणून दोन तास आधी जा. बॅग, बाटली, पॉवरबँक खोलीवरच ठेव, गेटवर काढून घेतात. पाणी आत जायच्या आधी पोटभर पी.

आणि जागा जिन्याच्या तोंडाशी धरू नको. बघ, परत तिथंच आलो. पण १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच सामन्यात १६ जण गेले रे. खेळ बघायला आलेली माणसं. सॉल्ट लेकला १९९७ मध्ये १,३१,७८१ लोक होते, ईस्ट बंगालच्या बायचुंग भूतियानं हॅटट्रिक केली तो सामना. आता खुर्च्या आहेत, साधारण ८५ हजार. तरी आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या हिशेबानं तिथं जाऊ नकोस.

पुढचे थांबतात, ते मागच्यांना दिसत नाही, ते रेटत राहतात. माणूस पायाखाली येऊन जातो त्यापेक्षा उभ्या उभ्या छाती दाबून जास्त जातो. छातीला पुढच्याची पाठ लागली की दोन्ही मुठी छातीसमोर धर, श्वासाला तेवढी जागा राहते. उलटं ढकलू नको. रेटा ओसरला की तिरकं तिरकं कडेला सरक, पण कठड्याला चिकटू नको. शिट्टी झाल्यावर वीस मिनिटं खुर्चीत बसून राहा.

शिकवणी झाली, माफ कर. तू तेवीस वर्षांचा आहेस, स्वतःच्या पगारातनं चाललायस, सगळ्या पेठेला सांगून झालंय माझं. पण सहा वर्षांचा असताना शाहूच्या पायऱ्यांवर तुझी चप्पल सुटली आणि ती घ्यायला तू वाकलास. वरनं अख्खा स्टँड उतरत होता. दादांनी कॉलरला धरून उचललं तुला.

काही पडलं तर पडू दे. मोबाईलसुद्धा.

बूट घाल, नाडीला दोन गाठी मार. माईनं लाडू दिलेत, बारक्याच्या हातून पुण्याला पाठवतोय. सामना सुटल्यावर फोन नको, मेट्रोत बसलास की कर.

तुझे
बाबा