मज्जारज्जूच्या रुग्णांच्या आशेचा बाजार थांबवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यासाठी जाहीर झालेला मज्जारज्जू पुनर्वसन कक्ष निधीअभावी रखडला आहे, असे लेखी उत्तर मला गेल्या सोमवारी मिळाले. माझा मुलगा आंबे उतरवताना झाडावरून पडला, पाठीचा दहावा (डी-१०) मणका मोडला आणि कमरेखालची जाणीव गेली, त्याला आता तीन वर्षे होतील. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. एका रात्री माझा डोळा लागला आणि सकाळी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला, ती जखम भरायला चार महिने लागले.

याच काळात एका खासगी दवाखान्याने, मज्जारज्जूतले तुटलेले मज्जातंतू पुन्हा वाढतील असे सांगून, स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) इंजेक्शनांचे साडेचार लाख रुपये घेतले. कलमांची बाग गहाण पडली आणि पाय तसाच राहिला, तेव्हा मी वाचायला बसलो. हाताच्या नसेतला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मज्जारज्जूतला मात्र अडतो, कारण भोवतालच्या मायलिनमधील, म्हणजे तंतूंवरच्या वेष्टनातील, नोगो-ए हे प्रथिन त्याच्या टोकावरच्या ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या रेणूला) भिडते, आत ऱ्होए नावाचा रेणू कामाला लागतो आणि वाढू पाहणारे टोक आक्रसते. तंतूत वाढण्याची ताकद नसते असे नाही; मज्जातंतूंचे संशोधक अल्बर्ट अग्वायो यांनी १९८१ मध्ये माँट्रियलला उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा तुकडा जोडला, तेव्हा तेच तंतू त्यातून वाढत गेले. झुरिकचे संशोधक मार्टिन श्वाब यांनी नोगोला रोखणाऱ्या प्रतिपिंडासाठी (अँटीबॉडीसाठी) आयुष्य वेचले, तरीही माणसांवरच्या चाचणीत मुख्य कसोटीवर ते प्रतिपिंड यशस्वी ठरले नाही. मग आम्हाला हमी कोणत्या आधारावर दिली गेली?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मज्जारज्जूच्या दुखापतीत स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. ही तक्रार घेऊन मी तीन कार्यालयांत गेलो आणि प्रत्येकाने मला दुसऱ्याकडे धाडले. नियम करायचा आणि तो पाळला जातो का हे कोणीच पाहायचे नाही, अशा व्यवस्थेत लुबाडला जातो तो खाटेवरचा माणूस.

मज्जारज्जू जोडून द्या, असे मी आपल्याकडे मागत नाही. असे दवाखाने तपासा, आणि त्या कक्षात निदान एक फिजिओथेरपिस्ट व घरच्यांना कॅथेटर (लघवीची नळी) बदलायला शिकवणारी एक परिचारिका पावसाळ्यापूर्वी नेमा. पावसात मुलाला खाटेसह उचलून डांबरी रस्त्यापर्यंत नेणे आता माझ्याच्याने होत नाही.

आपला,
एका रुग्णाचा बाप