मऊ आमिषे टिकवायची कशी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांत गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून गळ टाकणारे आजही पुष्कळ आहेत. पण त्यांच्या शेजारी रॉड आणि रील घेऊन मऊ प्लास्टिकचे बेडूक, किडे आणि वळवळत्या शेपटीचे मासे फेकणारी तरुण मुलेही आता दिसतात. मागच्या एका रविवारी सदलग्याजवळ दूधगंगेच्या काठी बसलो असताना शेजारच्या दोघांनी तासाभरात चार किडे फाटले म्हणून काढले आणि त्यांतले दोन सरळ नदीत भिरकावले. हटकल्यावर उत्तर आले, "काका, एका माशात संपतंय हे. पैसे पाण्यात!" पैसे पाण्यात जाण्यापेक्षा प्लास्टिक पाण्यात गेले, याचे मला अधिक वाईट वाटले, पण त्यांची तक्रारही खोटी नव्हती. म्हणून हे पत्र.

ही आमिषे फाटतात त्याला मासा जितका जबाबदार, तितकाच आपला डबाही. हे मी स्वतःचे नुकसान करून घेऊन शिकलो. एप्रिल महिन्यात सगळी आमिषे एकाच डब्यात घालून तो डबा स्कूटरच्या डिकीत दोन दिवस राहू दिला. उघडला तेव्हा लाल किड्याचा रंग पांढऱ्या माशाला लागला होता, शेपट्या वाकून तशाच बसल्या होत्या, आणि कडक प्लास्टिकचा एक महागडा पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढायचे आमिष) डब्याच्या तळाला चिकटून अर्धवट विरघळला होता. कारण साधे आहे. पीव्हीसीची बारीक पूड मऊपणा आणणाऱ्या तेलकट द्रव्यात कालवून सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली आणि साच्यात ओतली की हा किडा तयार होतो. ते तेलकट द्रव्य प्लास्टिकशी कायमचे जखडलेले नसते; उष्णतेने ते बाहेर झिरपते आणि शेजारच्या कडक प्लास्टिकला, रंगाला किंवा दुसऱ्या जातीच्या आमिषाला मऊ करते. ज्याच्यातून झिरपते ते मात्र आक्रसून ताठर होते आणि पहिल्याच झटक्यात तुटते.

यावर उपाय फुकट आहे. आमिष ज्या पाकिटात आले त्याच पाकिटात, सरळ आणि आडवे ठेवावे. एका रंगाचे दुसऱ्यात मिसळू नये. डबाच वापरायचा असेल तर त्याच्या तळाशी त्रिकोणात कोरलेला आकडा पाहावा : २ किंवा ५ असेल तर डबा चालतो, ६ असेल तर तो पॉलिस्टायरिनचा असतो आणि हमखास विरघळतो. रबरासारखी दुप्पट-तिप्पट ताणली जाणारी एक वेगळी जात बाजारात मिळते, ती पीव्हीसीची नसते. ती फाटायला फार चिवट असते, पण साध्या किड्याशेजारी ठेवली की दोघांचाही चिकट गोळा होतो. तिला स्वतंत्र पाकीटच हवे.

आता माशाकडे वळू. या आमिषांचा जन्म अमेरिकेतला. ओहायो राज्यातील अॅक्रन गावी निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचा किडा बनवला, आणि पुढे तो तिकडच्या बास माशासाठी प्रसिद्ध झाला. बासच्या तोंडात बारीक, खरकागदासारखे दात असतात. तो आमिष घासतो, कापत नाही. आपल्याकडे ज्याच्या मागे सगळे लागतात त्या मरळीचे दात टोकदार असतात आणि ती झटका देऊन मान फिरवते. त्यामुळे बाससाठी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. मरळीसाठी लांब, बारीक शेपटीचे आमिष घेऊ नये. जाड अंगाचे, आखूड शेपटीचे घ्यावे. मीठ घातलेली आमिषे जड असल्याने लांब जातात आणि मासा ती जास्त वेळ तोंडात धरतो असे म्हणतात, पण मिठामुळे प्लास्टिकची वीण सैल होऊन ती लवकर तुटतात, शिवाय गळही गंजतो. चिलापीच्या पाण्यात तर शेपटी कुरतडून जाणे ठरलेलेच. तिथे महागडा किडा काढण्यात अर्थ नाही.

बहुतेक किडे नाकाशी फाटतात, कारण गळ तिथून आत जातो. गळ वाकडा घुसला की प्रत्येक फेकीला ते छिद्र रुंदावते, म्हणून तो एकदाच, मध्यरेषेतून, सरळ घालावा. शिशाचे डोके असलेल्या गळावर आमिष चढवताना मानेशी फेविक्विकचा एक थेंब लावला तर ते खाली सरकत नाही. किड्याला मध्यभागी गळ टोचून दोन्ही टोके हलवत ठेवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात तर दोन-तीन झटक्यांत किडा मधोमध तुटतो. त्यावर किड्याच्या जाडीपेक्षा किंचित लहान व्यासाची ओ-रिंग, म्हणजे यंत्रांच्या सांध्यांतून गळती होऊ नये म्हणून लावतात ती रबराची गोल कडी, चढवून गळ प्लास्टिकमध्ये न टोचता रिंगखालून घालावा. बेळगावकरांना ओ-रिंगसाठी परदेशी पाकीट मागवण्याची गरज नाही. ज्या शहरात हायड्रॉलिकचे कारखाने आहेत, तिथे उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या आसपास ती काही रुपयांत मिळते.

फाटलेला किडा टाकून देण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, फाटलेले नाक अर्धा इंच कापून पुन्हा गळ घालावा. सात इंचांचा किडा पाच इंचांचा झाला तरी मासा फूटपट्टी घेऊन येत नाही. दुसरी, चीर पडली असेल तर तापवलेल्या सुरीच्या पात्याला दोन्ही कडा क्षणभर टेकवून, सुरी काढून त्या एकमेकींवर दाबून धराव्यात आणि गार पाण्यात सोडाव्यात. लायटरची ज्योत थेट लावू नये. प्लास्टिक काळे पडते आणि पीव्हीसी जळताना निघणारा धूर घशाला झोंबणारा, आम्लयुक्त असतो. हे काम अंगणात करावे, स्वयंपाकघरात नव्हे, आणि सुरीही घरातली नको. वाकडी झालेली शेपटी मात्र उकळत्या पाण्यात काही सेकंद धरून सरळ केली आणि गार पाण्यात बुडवली की पूर्ववत होते. जुने तुकडे वितळवून नवे किडे ओतण्याचा सल्ला मी देणार नाही : त्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी उकळते प्लास्टिक अंगावर उडते.

पोकळ बेडकाचे शास्त्र थोडे वेगळे आहे. गळाच्या फटीतून त्यात पाणी शिरते. घरी आल्यावर ते पिळून काढून बेडूक सावलीत वाळवावा, नाहीतर आतला गळ गंजतो. त्याच्या साच्याच्या पाकिटातच ठेवला तर पोट दबून आकार बिघडत नाही. दाताचे छिद्र पडले असेल तर बाहेरून गोंदाचा थेंब पुरेसा होतो.

एवढे करूनही एखादा किडा खरोखर संपतो. तो पाण्यात टाकू नये, कारण पीव्हीसी कुजत नाही, पाण्यात पडून फुगते, आणि माशाने गिळलेला तुकडा त्याला पचवता येत नाही. मी तंबाखूचा एक जुना डबा जवळ ठेवतो आणि सगळे तुकडे त्यात जमा करतो. शेवटी, मासेमारीचे सामान विकणाऱ्या निपाणी-बेळगावच्या दुकानदारांना माझी विनंती आहे की सुटे किडे विकताना ते एकत्र कॅरीबॅगेत न टाकता वेगवेगळ्या पाकिटांत द्यावेत; नव्या मुलांचा पहिला डबा तिथेच बिघडतो.

आपला नम्र,
एक छंदी मासेमार, निपाणी