पोटाचं दुखणं आणि ॲलर्जीचे पॅनेल

मा. संपादक, स.न.

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडं हल्ली एक नवीनच सुरू झालंय, पोट बिघडलं की लॅबमधनं फूड ॲलर्जीचा पॅनेल, म्हणजे एकाच वेळी बऱ्याच पदार्थांची रक्ततपासणी, करून आणायचा. आमच्या मावसभावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट रोग आहे, रिपोर्टात दूध, गहू, ज्वारी सगळंच लाल आलं आणि गड्यानं भाकरी-ताक सोडून वजन घालवलं, कुंदा तर लांबच. अहो, असल्या बऱ्याच पॅनेलात आयजीजी नावाची रक्तातली अँटिबॉडी मोजतात, ती खाल्लेल्या पदार्थाला नॉर्मल माणसातही सापडते, ॲलर्जी बघायची तर आयजीई ही दुसरी अँटिबॉडी बघतात.

पण ॲलर्जीचा काहीच संबंध नाही असंही नाही हं. कोलायटिसच्या पेशंटच्या आतड्याच्या बायोप्सीत, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्यात, इओसिनोफिल आणि मास्ट सेल, म्हणजे दम्यात असतात त्याच पेशी, बऱ्याचदा वाढलेल्या दिसतात, मास्ट सेलमधनं हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन सुटतं, आतड्याचं अस्तर पाझरायला लागतं, सूज आणखी चढते. तरी ॲलर्जीनंच हा रोग होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि दूध पचत नसेल तर ते लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर पचवणारं एन्झाइम, कमी पडल्यानंही असतं, ती ॲलर्जी नव्हे.

त्यात आपल्याकडं आतड्याचा टीबी आणि क्रोन्स, म्हणजे कोलायटिससारखाच आतड्याच्या सुजेचा दुसरा रोग, दिसायला सेम, टीबी न तपासता क्रोन्स समजून स्टेरॉईड दिलं तर टीबी पसरू शकतो. तेव्हा संडासातनं रक्त जात असेल तर आधी कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी), कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं मोठं आतडं बघणं), बायोप्सी. तुमच्या पेपरात त्या पॅनेलच्या जाहिराती येतात, शेजारी पोटाच्या एखाद्या डॉक्टरांचा कॉलमही छापा की.

आपला,
एक वाचक, खानापूर